जून-जुलैत हप्ता लावू नका

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोलीची निवृत्त शिक्षिका. वय ६८. तीन लाखांची एक ठेव पुढच्या महिन्यात सुटते. मुलाने एक परदेशी संकेतस्थळ दाखवले. तिथे पंचवीस डॉलर भरले की केनियातल्या एखाद्या भाजीवालीला कर्ज मिळते आणि आपले पैसे वर्षभरात परत येतात, असे तो म्हणतो. त्याच आठवड्यात दारावर मासळी घेऊन येणारीने धंद्यासाठी २०,००० रुपये मागितले. जत्रांत खाजे विकणाऱ्या एका ओळखीच्या बाईलाही १५,००० हवे आहेत. दान करायचे नाही, पण कुणाचा धंदा उभा राहावा असे मनात आहे. पैसे कुठे लावू? व्याज घेऊ का? लेखी काय करू? बुडाले तर? आणि माझेच काही बरेवाईट झाले तर?

उत्तर : नमस्कार बाई,

आधी केनियाचे पाहू, कारण ते लवकर आटोपते. मुलाने दाखवलेली संस्था बहुधा किवा असावी. २००५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला ती सुरू झाली आणि पंचवीस डॉलरची किमान रक्कम तिचीच. तिथे पैसे देणाऱ्याला व्याज मिळत नाही. कर्ज घेणारीला मात्र बहुतेक वेळा व्याज भरावे लागते, कारण तिला पैसे किवा देत नाही, तिथली स्थानिक पतसंस्था देते आणि आपला खर्च व्याजातून काढते. शिवाय फोटोतल्या बाईला कर्ज सहसा आधीच मिळालेले असते. तुमचे पंचवीस डॉलर त्या संस्थेकडे जातात आणि तिचे भांडवल मोकळे होते. २००९ साली डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने हे उघडपणे मांडले, त्यानंतर किवाने आपल्या संकेतस्थळावरची भाषा बदलली. यात फसवणूक नाही. मात्र फोटो पाहून निवड करण्यात अर्थ उरत नाही. निवडायची ती मधली संस्था : ती व्याज किती लावते, तिची थकबाकी किती, हप्ते कसे ठरवते.

तुमच्यापुढची खरी अडचण फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांच्या कायद्याची आहे. भारतात राहणाऱ्याने परदेशातल्या माणसाला कर्ज देणे त्या कायद्याच्या कक्षेत येते. पैसे परत आले तरी ते परदेशी खात्यात तसेच ठेवून पुन्हा फिरवता येतील असे धरू नका. कार्डाने पंचवीस डॉलर भरण्याआधी तुमच्या बँकेच्या विदेशी चलन पाहणाऱ्या शाखेकडून लेखी उत्तर घ्या. एवढ्या छोट्या रकमेसाठी ही यातायात करावी असे आम्हाला वाटत नाही.

त्याच धर्तीची भारतातली सोय म्हणजे पी-टू-पी, म्हणजे व्यक्तीकडून व्यक्तीला ऑनलाईन कर्ज. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचे नियम केले. एका कर्जदाराला तुम्ही सगळ्या मंचांवर मिळून ५०,००० पेक्षा जास्त देऊ शकत नाही, मुदत ३६ महिन्यांच्या वर नसते आणि पैसे एस्क्रो, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या खात्यातूनच फिरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले. खात्रीचा परतावा, हवे तेव्हा पैसे काढण्याची सोय, ठेवीसारखी योजना असले काही या मंचांना विकता येत नाही. बुडाले तर नुकसान पूर्ण तुमचे. एखादे ॲप ‘१२ टक्के पक्के, कधीही काढा’ म्हणत असेल तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मंचांची यादी आहे, त्यात नाव शोधा. आणखी एक बघा : यांतले बरेच मंच नोकरदारांना मोबाईल, लग्न, सहल यांसाठी कर्ज देतात. तो तुमचा हेतू नाही. गावातल्या संस्थांमार्फत शेतकरी, विणकर, बचत गटातल्या बायका यांच्यापर्यंत पोचणारा मंच हवा. बंगळुरूची ‘रंग दे’ २००८ पासून हेच काम करते. तिथे पैसे लावाल तर एकाच कर्जात घालू नका. ६०,००० असतील तर दोन-दोन हजारांचे तीस तुकडे करा आणि ते वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या धंद्यांत विभागा. एका तालुक्यात पाऊस हुकला की तिथली सगळीच कर्जे एकदम अडकतात. मिळालेले व्याज आयकराच्या विवरणात दाखवावे लागते हेही ध्यानात असू द्या.

आता तुमच्या दारावरचे कर्ज. इथे तुम्ही संस्थेचेही काम करणार आहात, त्यामुळे जरा सावकाश पाहू.

छोट्या कर्जाची सगळी चर्चा व्याजाभोवती फिरते. कर्ज तारते की मारते हे मात्र पुष्कळदा हप्त्याची तारीख ठरवते. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक झाली. तिची मूळ पद्धत अशी होती : एक वर्षाचे कर्ज, दर आठवड्याला सारखा हप्ता, पहिला हप्ता जवळजवळ लगेच. वसुलीला हे उत्तम. धंद्याला तितकेसे नाही, कारण पुढच्या आठवड्यात हप्ता आहे म्हटल्यावर बाई शिलाई मशीन घेत नाही, चटकन विकला जाणारा माल घेते. कोलकात्यात झालेल्या एका प्रयोगात काही गटांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी लावला. त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. मात्र त्या गटात कर्ज थकण्याचे प्रमाणही वाढले. सवलतीला किंमत असते, ती कोणी सोसायची एवढाच प्रश्न. पतसंस्थेला ती सोसवत नाही. तुम्हाला सोसवेल, आणि तुमच्या पैशाचा खरा उपयोग आहे तो इथेच.

मासळीवालीचे वर्ष मांडून बघा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद. बाजारात मासळी येते, पण थोडी आणि महाग, म्हणजे भांडवल जास्त लागते आणि गिऱ्हाईक कमी. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात जातात, तर तुमच्या डिचोलीत श्रावण. निम्मी घरे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होईपर्यंत नुस्त्याला (मासळीला) हात लावत नाहीत. धंदा खरा उघडतो तो चवथीनंतर. मग मेअखेरपर्यंत बरे दिवस असतात. एप्रिल-मेमध्ये पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीमुळे सुकी मासळीही चांगली जाते. म्हणून तिचा हप्ता चवथ झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात सुरू करा आणि ३१ मेला संपवा. तिथीप्रमाणे साधारण ३५ ते ३७ आठवडे मिळतात.

हप्ता किती, हे तिच्याजवळ बसून, कागदावर लिहून ठरवा. आकडे तिचे असावेत, खालचे नुसते नमुन्यादाखल आहेत. समजा सकाळी ४,००० ची मासळी उचलली, बर्फ १५०, टेम्पोतला वाटा २००, सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, ३०. संध्याकाळपर्यंत ५,००० आले. राहिले ६२०. घरखर्चाला ४२० गेले तर हातात २००. महिन्याचे तीस दिवस धरू नका. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी हे दिवस पडेल असतात, तेव्हा २४ दिवस धरा. म्हणजे महिन्याला ४,८००. हप्ता याच्या निम्म्याच्या वर जाऊ नये, कारण उरलेली मासळी मातीमोलाने काढावी लागली असे दिवस या हिशेबात आलेलेच नाहीत. म्हणजे महिन्याला २,४००, आठवड्याला ६००. हप्ता आठवड्याचाच ठेवा. जिच्या हातात रोज रोकड येते तिला महिन्याकाठी २,४०० साठवून ठेवणे कठीण जाते.

रक्कम मात्र २०,००० देऊ नका, १९,००० द्या. आयकर कायद्याप्रमाणे २०,००० किंवा त्याहून जास्तीचे कर्ज रोखीने घेता येत नाही आणि रोखीने फेडताही येत नाही. तुम्ही बँकेतून दिलेत तरी ती दर आठवड्याला नोटाच आणून देणार. नियम मोडल्याचा दंड कर्जाइतका असू शकतो, आणि तो पडतो कर्ज घेणाऱ्यावर. एक हजार कमी केला की तो धोका टळतो. ६०० चे ३१ हप्ते आणि शेवटचा ४०० चा, ३२ आठवड्यांत १९,००० पुरे होतात. निदान तीन आठवडे मोकळे राहतात : एक शिगम्याचा, एक आजारपणाचा, एक असाच. हे खाडे आधीच वहीत लिहून ठेवले की हप्ता चुकल्यावर तिला तोंड लपवावे लागत नाही.

पैसे देण्याआधी तिला विचारा की सध्या घरात किती हप्ते चालू आहेत. नवऱ्याची दुचाकी, सुनेचे गटाचे कर्ज, रोज वसुली करणारा रोजवारीवाला सावकार, सगळे धरा. तारण न घेता कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स संस्थांनाही रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून बंधन घातले आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असले पाहिजेत. संस्थांनी पाळायची ती मर्यादा तुम्हीही पाळा. एक खूण सांगतो. पैशाची निकड नेमकी गटाच्या हप्त्याच्या आदल्या दिवशी लागत असेल तर ते भांडवल नव्हे, जुन्या कर्जाचा हप्ता आहे.

रोजवारीवाल्याचा हिशेब उलगडून बघण्यासारखा असतो. त्याची नेहमीची रीत अशी : १०,००० चे कर्ज म्हणायचे, हातात ९,००० ठेवायचे आणि रोज १०० प्रमाणे शंभर दिवस गोळा करायचे. ‘हजार रुपयेच तर जास्त’ असे वाटते. पण पैसे रोज परत जात असल्यामुळे हा दर वर्षाला ७५ टक्क्यांच्या वर जातो. असे कर्ज चालू असेल तर तुमच्या पैशातून ते मध्येच फेडायला लावण्याची घाई करू नका. व्याज त्याने आधीच कापून घेतले आहे. चाळीस दिवस राहिले असतील तर तो उरलेले ४,००० पुरेच मागणार, सूट देणार नाही, आणि तुमचे पैसे विनाकारण अडकणार. ते संपू द्या. तुमचा पैसा तिने पुढचे आवर्तन घेण्याच्या दिवशी हातात पडला पाहिजे. दोन्ही एकदम चालू राहिले तर रोजवारीचे ७०० आणि तुमचे ६००, आठवड्याला १,३०० जातील. वरच्या हिशेबात ते बसत नाहीत.

चवथीच्या तोंडावरही पैसे देऊ नका. माटोळी, फटाके, माहेरवाशिणीचे करणे यांत ते जातील, आणि त्यात तिची काही चूक नाही. सणाला मदत करायची असेल तर हजार-पाचशे वेगळे द्या आणि ते विसरून जा.

खाजेवालीला हाच तक्ता लावलात तर तिचे नुकसान कराल. तिचे पैसे रोज येत नाहीत, जत्रेला येतात. बेसन, गूळ, आले, तीळ, खोबरेल आणि स्टॉलच्या जागेचे पैसे तिला आधी घालावे लागतात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वैशाखात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेपर्यंत त्या चालतात. तिच्याकडून ती यंदा बसणार असलेल्या जत्रांची यादी घ्या आणि मोठ्या पाच निवडा. प्रत्येक जत्रा झाल्यावर चार दिवसांत ३,०००, असे पाच हप्ते. पैसेही एकदम पंधरा देऊ नका. पहिल्या जत्रेला सात, त्यातले तीन परत आले की उरलेले आठ. गूळ पावसाळी हवेत पाझरतो आणि खाजे मऊ पडतात, त्यामुळे स्वस्त मिळतो म्हणून ऑगस्टमध्ये सगळा गूळ भरून ठेवायचा बेत असेल तर तो मोडून काढा.

व्याज घेऊ नका. यात भाबडेपणा काही नाही. गोव्यात सावकारीसाठी वेगळा कायदा आहे आणि परवाना लागतो. व्याज लावून एकीला, दुसरीला, तिसरीला देत गेलात तर तुम्ही त्या कायद्याच्या जवळ जाता. घेण्याचा आग्रहच असेल तर निदान ‘सरळ’ दराचा हिशेब करू नका. २०,००० वर सरळ १२ टक्के म्हणजे वर्षाला २,४०० व्याज. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना पुऱ्या रकमेवर घेतलेले ते व्याज प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडते.

लेखी काम थोडेच आहे, पण ते टाळू नका. पैसे बँकेतून तिच्या स्वतःच्या खात्यात द्या, नवऱ्याच्या नाही. तिच्याकडून पावती घ्या : रक्कम, तारीख, बिनव्याजी असल्याचा उल्लेख, हप्त्यांचा तक्ता. ५,००० च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. दोन वह्या करा, एक तिच्याकडे, एक तुमच्याकडे, आणि प्रत्येक हप्त्याला दोन्हींत दोघींच्या सह्या. सही येत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदार. मुदतीच्या कायद्याप्रमाणे येणे वसूल करण्याचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्याआधी तिने लेखी कबुली दिली तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. दावा तुम्ही करणार नाही हे उघड आहे. पण वही नीट असली की दोघींत ‘मी तर दिले होते’ हा वाद होत नाही, आणि ओळखीतली कर्जे बहुतेक या वादातच नासतात. कोरा चेक, एटीएम कार्ड, रेशन कार्ड, सोने यांतले काहीही ठेवून घेऊ नका.

लागोपाठ दोन हप्ते चुकले तर बोला, पण बाजारात, गिऱ्हाइकांसमोर नको. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यांनाही सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायला बंदी आहे. मासळी संपल्यावर दुपारी घरी गाठा. माल घ्यायला पैसे कमी पडतात का, उधारी थकली आहे का, की घरात कुणी आजारी आहे, एवढे समजून घ्या. उधारी असेल तर हॉटेलवाल्याला किंवा खानावळीला द्यायचा माल आठवडाभर थांबवा म्हणावे. छोट्या मासळीवाल्या बऱ्याचदा तिथेच बुडतात. आजार असेल तर हप्ता ३०० करून नवा तक्ता लिहा. एक हप्ता फेडायला दुसरे कर्ज मात्र तुम्ही देऊ नका.

या सगळ्याच्या आधी एक खेप नगरपालिकेत मारा. शहरात फिरून किंवा बसून विकणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी ही योजना जून २०२० पासून आहे. २०२५ मध्ये तिची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढली आणि पहिले कर्ज १०,००० वरून १५,००० झाले. ते वेळेवर फेडले की २५,००० आणि मग ५०,००० मिळतात. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत खात्यात जमा होते. विक्रेता प्रमाणपत्र किंवा पालिकेचे शिफारसपत्र, आधार आणि बँक खाते लागते. अर्ज अडतो तो सहसा बारीक गोष्टीत : आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडलेला असतो, नाहीतर पालिकेच्या यादीत नाव नवऱ्याचे असते. तिच्याबरोबर एक सकाळ घालवून तुम्ही हे करून दिलेत तर तुमच्या १९,००० पेक्षा ते जास्त दिवस पुरेल, कारण बँकेत तिची पत तयार होईल. खाजेवाली गावातली असेल तर तिने बचत गटात जावे. गटातल्या कर्जाला महिन्याला दोन टक्के व्याज ऐकून दचकू नका, ते व्याज गटातल्या बायकांतच राहते.

एवढे सांगून झाल्यावर अपेक्षाही तितकीच ठेवा. भारतासह सहा देशांत झालेल्या काटेकोर चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र छापले गेले. छोट्या कर्जाने काहींचा धंदा वाढतो, घरखर्चाची ओढाताण कमी होते, पण सरासरी घर त्यातून गरिबीबाहेर पडत नाही, असा त्यांचा सूर होता. आणि २०१० साली आंध्रात, एकेका घरावर चार-चार संस्थांची कर्जे चढली तेव्हा काय झाले तेही सगळ्यांनी पाहिले. राज्य सरकारला त्या ऑक्टोबरात वटहुकूम काढावा लागला आणि वसुली ठप्प झाली.

तीन लाखांची वाटणी आम्ही अशी करू : दोन लाख पुन्हा ठेवीत, तुमच्या औषधपाण्यासाठी, त्यांना हात नाही. ६०,००० पी-टू-पी मंचावर, तेही सहा महिन्यांत हळूहळू. ४०,००० दारावर : १९ आणि १५ हजार झाले की ६,००० हातात राहतात, ते तिसरीला देऊ नका. बर्फाची पेटी फुटली, पाऊस आला, जत्रा रद्द झाली तर यांच्यासाठीच लागतील. ४०,००० पूर्ण गेले तरी झोप उडणार नाही ना, हे स्वतःला विचारा. उडणार असेल तर रक्कम अर्धी करा.

शेवटचा प्रश्न तुम्ही चाचरत विचारलात, पण तो रास्त आहे. पी-टू-पी मंचावर खाते उघडताना वारसाची सोय आहे का ते विचारा, असेल तर मुलाचे नाव घाला. दोन वह्यांचे एका पानावर वर्णन लिहून तुमच्या बँकेच्या कागदांत ठेवा आणि मुलाला दाखवा. बाकी राहिलेली रक्कम वसूल करायची की सोडून द्यायची हे तुमच्या सहीने, तारखेसह लिहून ठेवा. सोडायची असेल तर तसा मजकूर मृत्युपत्रातही घाला, कारण नुसत्या चिठ्ठीने वारसांचा हक्क जात नाही. मात्र हे त्या दोघींना आत्ताच सांगू नका.